‘पास’ म्हणजे नक्की कुणासारखं?

आमच्या धंद्यात एक लेखनप्रकार आहे, ज्याला कुणी लेखन म्हणत नाही. आम्ही तो दिवसातून दहा वेळा वाचतो, त्यावरून भांडतो, आज घरी वेळेत जायचं की नाही हेही त्यावरून ठरतं. पण त्याची समीक्षा म्हणून कुणी मराठीत चार ओळी लिहिलेल्या माझ्या वाचनात नाहीत. तो प्रकार म्हणजे बिल्ड आणि टेस्टच्या निकालांचा तक्ता. वर रकान्यांत प्लॅटफॉर्मची नावं: विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड. डावीकडे खाली खाली टेस्टची नावं. आणि प्रत्येक चौकोनात एक रंग.

तुम्ही इंजिनिअर नसाल तर दोन वाक्यांत सांगतो. बिल्ड म्हणजे माणसानं लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल अशा स्वरूपात बांधणं. टेस्ट म्हणजे एक छोटा प्रोग्राम, जो मोठ्या प्रोग्रामला प्रश्न विचारतो: हे दिलं तर हे यायला हवं, आलं का? आलं तर हिरवा, नाही आलं तर लाल.

एकच कोड सगळीकडे सारखाच चालणार, मग इतके रकाने कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण तो सारखा चालत नाही. सी भाषेतला ‘कॅर’ हा साधा प्रकार इंटेलच्या मशीनवर ऋण आकडे धरतो, तर एआरएमच्या लिनक्सवर सहसा धरत नाही. त्यामुळे फाइल संपली की थांबणारा एखादा लूप दुसऱ्या मशीनवर कधीच थांबत नाही. मॅक आणि विंडोजवर फाइलच्या नावातलं मोठं आणि छोटं अक्षर सहसा एकच धरलं जातं, लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली. आणि आपल्या गावाला लागू पडणारं उदाहरण म्हणजे घड्याळ. टेस्ट चालवणारे सर्व्हर बहुतेक यूटीसी वेळेवर असतात आणि आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. कोल्हापुरात रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळेत आपली तारीख वेगळी आणि सर्व्हरची वेगळी. ‘आजची बिलं दाखव’ ही टेस्ट दिवसभर हिरवी असते आणि मध्यरात्रीनंतर लाल होते. कोड बदललेला नसतो, बदललेली असते फक्त वेळ.

म्हणून तक्ता लागतो. पण तक्ता लागतो याचा अर्थ तो खरं बोलतो असा नाही. कुठल्याही संहितेला विचारतो ते प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत: हा कुणी लिहिला, कुणाच्या नजरेतून लिहिला, आणि यात कोण दिसत नाही?

रंगांचा शब्दसंग्रह

या प्रकाराचा जुना आणि गाजलेला नमुना म्हणजे नेटस्केपमधून आलेला आणि १९९८ मध्ये मोझिलाबरोबर खुला झालेला ‘टिंडरबॉक्स’. एकेक मशीन म्हणजे एकेक रकाना, आणि वेळ वरून खाली सरकणारी. हिरवा म्हणजे ठीक. लाल म्हणजे बिल्डच मोडला. केशरी म्हणजे बिल्ड झाला पण टेस्ट पडल्या. पिवळा म्हणजे काम चालू आहे. नावाचा अर्थ चकमक ठेवायची डबी, त्यामुळे सगळी भाषाच आगीची: झाड पेटलंय, कुणी पेटवलं, विझेपर्यंत कुणी नवा कोड टाकू नका. लक्ष ठेवणाऱ्या माणसाला तिथे शेरीफ म्हणत. चुकीची जबाबदारी गावासमोर ठरवणारी ही चावडीच.

त्याच सुमाराचा दुसरा नमुना पर्ल भाषेच्या लोकांचा, ‘सीपॅन टेस्टर्स’. इथे कंपनी नाही, शेरीफ नाही. जगभरातले हौशी लोक आपापल्या मशीनवर दुसऱ्यांनी लिहिलेली पॅकेजेस चालवून बघतात आणि निकाल पाठवतात. त्यांचे शेरे चार: पास, फेल, एनए आणि अननोन. एनए म्हणजे हे या मशीनसाठी नाहीच. अननोन म्हणजे निकाल सांगता येत नाही. मला हा तक्ता टिंडरबॉक्सपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. ‘कळलं नाही’ या उत्तराला त्यात अधिकृत जागा आहे.

त्याहून पुढे जातो जीएनयूच्या लोकांचा ‘डेजाग्नू’. त्यात पास-फेलच्या जोडीला एक्सफेल आणि एक्सपास असे शेरे आहेत. एक्सफेल म्हणजे ही टेस्ट पडणार हे आम्हाला माहीतच होतं. एक्सपास म्हणजे पडायला हवी होती, पण पास झाली, तेव्हा बघा काय झालंय. शिवाय तपासलंच नाही, इथे चालतच नाही, निकाल अनिर्णित यांनाही तिथे वेगवेगळे शब्द आहेत. आज कंपन्यांमध्ये दिसणाऱ्या चकचकीत डॅशबोर्डवर हा सगळा शब्दसंग्रह गोळा होऊन एका टक्केवारीत बसलेला असतो. ९९.२ टक्के. उरलेल्या ०.८ मध्ये पडलेल्या किती, न तपासलेल्या किती, आणि ‘पडणारच होत्या’ म्हणून सोडून दिलेल्या किती, हे विचारायला कुणी थांबत नाही.

देवनागरीची एक ओळ

आता ज्या तक्त्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. तुम्ही हे वाक्य फोनवर वाचताय ते बहुधा ‘हार्फबझ’ नावाच्या लायब्ररीच्या कृपेनं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस ही सगळी मंडळी ती वापरतात. बेहदाद इस्फहबोद या इराणी-कॅनेडियन प्रोग्रामरनं तिचं आजचं रूप घडवलं. काम एकच: फाइलमध्ये एकामागून एक साठवलेली अक्षरचिन्हं घ्यायची आणि फॉन्टमधले योग्य आकार योग्य जागी बसवायचे. इंग्रजीसाठी हे बरंचसं सोपं आहे. आपल्याकडे ‘कि’ मधली वेलांटी साठवली जाते क नंतर आणि दिसायला हवी क च्या आधी. ‘र्क’ मधला र येतो आधी आणि बसतो डोक्यावर. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या फोनांवर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेलं मराठी ज्यांनी वाचलंय, त्यांना हे काम कुणीतरी नीट करण्याची किंमत माहीत आहे.

२०१२ च्या सुमाराला भारतीय लिप्यांचं हे काम हार्फबझमध्ये चालू होतं, तेव्हा प्रगतीची नोंद कोडमधल्या बदलांच्या टिपणांमध्येच लिहिली जाई. विकिपीडियातून शब्द गोळा करायचे, तेच शब्द हार्फबझला आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘युनिस्क्राइब’ला द्यायचे, आणि दोघांचे आकार जुळतात का बघायचं. लिपीगणिक एक ओळ. देवनागरीच्या ओळीत एकूण शब्द ७,०७,३९४. न जुळलेले शेवटी शेवटी शंभराच्या आत आले होते. टक्केवारी काढली तर ०.०१ च्या आसपास. बंगाली, तमिळ, मल्याळम, सिंहली, खमेर अशा शेजाऱ्यांच्याही ओळी खाली होत्या, आणि प्रत्येक बदलानंतर आकडे थोडे थोडे उतरत जाताना दिसतात.

मी ही टिपणं एखादी रोजनिशी वाचावी तशी वाचली. त्यात कुठलंही भाषण नाही. आज इतके पडले, उद्या इतके. जगातल्या कोट्यवधी लोकांचं वाचन सुधारणारं काम इतक्या कोरडेपणानं नोंदवलेलं दुसरं मला माहीत नाही. हे मोठं काम आहे आणि त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण समीक्षा करायची तर पुढचे तीन मुद्दे मांडावे लागतील.

पहिला मुद्दा ओळीच्या नावाचा. ओळ ‘देवनागरी’ची आहे. तिच्यात हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत सगळे एकाच पोत्यात. न जुळलेले शब्द कुणाचे, हे बेरीज सांगत नाही. हा प्रश्न भाषाभिमानाचा वाटेल, पण तो अगदी तांत्रिक आहे. पन्हाळ्याच्या खाली असतात त्या ‘दऱ्या’, आणि कोकणात उतरल्यावर लागतो तो ‘दर्या’. आचाऱ्यास बोलावणं वेगळं आणि आचार्यास बोलावणं वेगळं. य आणि ह च्या आधी येणारा तो पापणीसारखा र मराठीत अर्थ बदलतो. आधुनिक हिंदीत त्याची गरज पडत नाही. सात लाख शब्दांत असे शब्द थोडे असले तर ते सगळेच्या सगळे पडूनही टक्केवारी सुंदर दिसेल. ते पडले असा माझा दावा नाही. तक्ता पाहून ते कळत नाही, एवढंच म्हणणं आहे.

दुसरा मुद्दा वजनाचा. तक्त्यात सगळे शब्द सारखे. आयुष्यात एकदा भेटणारा संस्कृत समास आणि रोज दहा वेळा लिहायचा ‘दुसऱ्या’ हे दोन्ही एकेक मार्काचे. वाचणाऱ्याच्या आयुष्यात ते सारखे नसतात.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पास म्हणजे काय? इथे पास म्हणजे युनिस्क्राइबसारखं. मराठी वाचणाऱ्याला बरोबर वाटतं की नाही हा प्रश्न या टेस्टमध्ये विचारलेलाच नाही. विचारलंय ते एवढंच, की रेडमंडच्या मशीनवर जसं दिसतं तसं इथे दिसतं का. हार्फबझच्या लोकांना याची पुरेपूर जाणीव होती. पुरावा त्यांच्याच कोडमध्ये आहे: एका सेटिंगचं नाव ‘युनिस्क्राइब बग कम्पॅटिबल’ असं आहे. म्हणजे तुलना करताना समोरच्याच्या चुकाही हुबेहूब काढून दाखवायच्या, म्हणजे खरे फरक कुठे आहेत ते उठून दिसेल. मला हे नाव फार आवडतं. प्रमाण मानलेली गोष्टही चुकू शकते, हे त्यांनी कोडमध्येच लिहून ठेवलं.

गेज कुणी तपासायचं

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये गो-नो-गो गेज असतं. एक बाजू जॉबच्या भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. दोन्ही अटी पाळल्या तर जॉब पास. माप मोजायचं नाही, विचार करायचा नाही, शंभर जॉब भराभर तपासून होतात. आमच्या टेस्टसुद्धा अशाच असतात. फरक एवढाच की तिथे गेज झिजतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठरलेल्या मुदतीनं ते कॅलिब्रेशनला पाठवतात, त्याचं सर्टिफिकेट फाइलला लावतात. गेजच चुकलं तर पासच्या शिक्क्याला अर्थ उरत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये टेस्टच्या ‘अपेक्षित उत्तरा’ला अशी मुदत नसते. उलट, ते बदलणं सगळ्यात सोपं असतं. एक खरं उदाहरण सांगतो, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. बिलं दाखवणारं ॲप होतं. जावास्क्रिप्टला आकडा ‘मराठी-भारत’ या पद्धतीनं लिही असं सांगितलं की ब्राउझर १,२३,४५६ असं देवनागरीत लिहून देतो. युनिकोडच्या भाषाविषयक माहितीकोशात मराठीसाठी देवनागरी आकडे हेच प्रमाण धरलेले आहेत, हिंदीसाठी नाहीत. सर्व्हरवर नोडची जुनी आवृत्ती होती. २०१९ मध्ये १३ वी आवृत्ती येईपर्यंत नोड नेहमीच्या डाउनलोडमध्ये फक्त इंग्रजीची माहिती घेऊन येत असे. त्यामुळे तोच कोड सर्व्हरवर इंग्रजी आकड्यांत, इंग्रजी पद्धतीनं लिहायचा: एकशे तेवीस हजार, मग स्वल्पविराम, मग चारशे छप्पन्न. फोनवर एक बिल आणि छापून येणाऱ्या पीडीएफवर दुसरं. आकडा तोच, पण लाखाचा स्वल्पविराम गायब. लाखात मोजणाऱ्या माणसाला तो कागद हातात घेऊन पुन्हा बोटांनी घरं मोजावी लागतात.

टेस्टनं आपलं काम चोख केलं. ब्राउझरच्या रकान्यात हिरवा, सर्व्हरच्या रकान्यात लाल. रिलीजच्या दिवशी चर्चा झाली. पूर्ण भाषामाहितीचं पॅकेज सर्व्हरवर टाकावं असं मी म्हणत होतो. ते अर्ध्या दिवसाचं काम होतं. उत्तर आलं, ‘मराठी लावणारे आहेत किती?’ आणि मग सर्व्हरपुरतं अपेक्षित उत्तरच इंग्रजी करून टाकलं गेलं. कोडची एक ओळही न बदलता चौकोन हिरवा झाला.

मी त्यात रागावण्यापेक्षा वाचक म्हणून थक्क झालो. त्या हिरव्या चौकोनाचा इतिहास आता कुणालाही दिसत नाही. पुढच्या महिन्यात आलेला नवा मुलगा तक्ता बघून म्हणणार, मराठी आकडे तपासलेले आहेत. डेजाग्नूचा जुना शेरा वापरून एक्सफेल लिहिलं असतं, म्हणजे ‘पडते, माहीत आहे, अजून दुरुस्त केलेली नाही’, तर निदान कबुली तरी उरली असती. लाल चौकोन लाज आणतो म्हणून तो पुसणं आणि चूक दुरुस्त करणं, या दोन्हींनंतर तक्ता सारखाच दिसतो. या लेखनप्रकारातला हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो कुठल्याही एका कंपनीचा नाही.

दिसायला सारखं

आणखी एक घोळ असा आहे, की चित्र बघून घेतलेल्या टेस्टला तो दिसतच नाही. ‘वऱ्हाड’ मधला पापणीचा र युनिकोडमध्ये वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त. तिसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडचे एकसारखेपणाचे नियम पहिल्या दोन्हींना एक करतात. तिसरा वेगळाच राहतो. स्क्रीनवर तिन्ही हुबेहूब. स्क्रीनशॉट तपासणारी टेस्ट सगळीकडे हिरवी. पण एका कीबोर्डवरून लिहिलेलं ‘गोऱ्हे’ हे आडनाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर सापडेलच याची खात्री नाही. जिथे नाव जुळलं तरच काम पुढे सरकतं, तिथे डोळ्यांना न दिसणारा फरक माणसाला खिडकीवर उभं करतो.

याच्या उलटंही होतं. मराठीचा ल आणि श यांची वळणं हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात ती प्रमाण केली. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि पान मराठीत आहे असं पानावर नोंदवलेलं असेल तर मराठी वळण निवडलं जातं. नोंद नसेल तर बऱ्याचदा हिंदी वळण दिसतं. टेस्टच्या दृष्टीनं यात चूक काहीच नाही, शब्द बरोबर आहे, अर्थ बरोबर आहे. हे पास म्हणायचं की फेल? माझं मत, याला सीपॅनवाल्यांचा अननोन लावावा आणि मराठी माणसाला विचारावं.

नसलेला रकाना

ब्राउझरांच्या तुलनेचा आजचा मोठा सार्वजनिक तक्ता ‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’चा आहे. त्यातले ठळक रकाने चार: क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी. प्रतिस्पर्धी कंपन्या एकाच टेस्टसंचावर स्वतःला मोजून घेतात, ही गोष्ट खरोखर चांगली आहे. पण हा लेख तुमच्यापैकी काहींनी व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवरची लिंक दाबून, ॲपच्या आतच उघडणाऱ्या खिडकीत वाचायला घेतला असेल. काहींचा फोन घरातल्या मोठ्यांकडून आलेला असेल, ज्याला अपडेट येणं केव्हाच थांबलंय. त्या फोनचा रकाना कुठे आहे? लाल चौकोनावर निदान कुणाचं तरी लक्ष जातं. नसलेल्या रकान्यात बसलेला माणूस टक्केवारीतही मोजला जात नाही.

रकाने वाढवले की खर्च वाढतो, हे मला मान्य आहे. प्रत्येक मशीन, प्रत्येक आवृत्ती तपासत बसलं तर काहीच बाहेर पडणार नाही. निवड करावीच लागते. माझा आग्रह इतकाच, की निवड केली आहे हे तक्त्यावर लिहावं. ‘याच्यावर तपासलं, याच्यावर तपासलेलं नाही’ ही ओळ टक्केवारीच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात.

आणि अपेक्षित उत्तर लिहिण्याचं काम आपलंही आहे. हार्फबझच्या टेस्टच्या फोल्डरात देवनागरीचा एक कोपरा आहे. त्यात ‘यूटीआरआरएस’ नावाचा संच आहे, युनिकोड मजकूर कसा दिसायला हवा याच्या संदर्भयादीचा. लोहित फॉन्ट वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांच्या कामातून तो आलेला. त्याच्याच शेजारी छोट्या छोट्या फाइली आहेत. एकीचं नाव ‘आयलॅश’, म्हणजे आपला पापणीचा र. एक ‘जॉइनर्स’. एक ‘स्पेक डेव्हिएशन्स’, म्हणजे नियमावलीपासून कुठे फारकत घेतली त्याची. आत काय असतं? ओळीला एक शब्द किंवा अक्षरसमूह. बस. ते लिहायला कॉम्प्युटर सायन्सची पदवी लागत नाही. दऱ्या आणि दर्या यांतला फरक माहीत असावा लागतो.

ही यादी खुली आहे. तिच्यात शब्द सुचवता येतो, कारण देता येतं, आणि तो घेतला गेला की पुढच्या प्रत्येक बदलाला त्या शब्दाशी सामना करावा लागतो. मराठीच्या भवितव्यावर दरवर्षी परिसंवाद होतात. त्यातल्या एखाद्या दुपारी वीस जणांनी बसून आपापल्या फोनवर मोडणारे शब्द कागदावर उतरवले, कुठल्या फोनवर, कुठल्या ॲपमध्ये, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, तर तो अहवाल कुठल्याही ठरावापेक्षा जास्त दिवस कामाला येईल. मी माझ्या यादीत पहिला शब्द लिहिलाय: ‘कऱ्हाड’. तुमच्या फोनवर तो कसा दिसतोय, बघा.